विचारा तर खरं : बातमी बंद, गाणी चालू

गेल्या अंकात बुटवलच्या दिवसांबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीग पडला. ढीग म्हणजे अकरा पत्रं. या सदराच्या मानाने ढीगच. जवळजवळ सगळ्यांनी रेडिओबद्दलच विचारलंय, त्यामुळे या वेळी लोणच्याच्या बुरशीचे आणि सुनेच्या नोकरीचे प्रश्न मागे ठेवले आहेत. रागावू नका.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते. मी मिरजेची. लग्नानंतर काही वर्षं सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे महिन्यात सहा पाळ्या मिळाल्या तर दिवाळी. १९९८ ते २००६ आम्ही नेपाळात बुटवलला राहिलो. आमचे हे तिथे जलविद्युत प्रकल्पांची टर्बाइनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होते. मला काम नव्हतं. रेडिओ होता.

मॅडम, आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘हुकूमशाहीतून लोकशाहीकडे जाणाऱ्या देशांत स्वतंत्र प्रसारणाला महत्त्व असते’ असं एक वाक्य आहे आणि लगेच धडा संपतो. तुम्ही नेपाळात होता. राजा गेला, निवडणुका झाल्या, संसद आली. मग रेडिओने वेगळं काय केलं? परीक्षेसाठी नाही, खरंच विचारतोय.
— एक विद्यार्थी, कराड

मॅडम नको, ताई म्हण. आणि पहिली दुरुस्ती: राजा एकदम गेला नाही. तो दोन हप्त्यांत गेला आणि दोन हप्त्यांच्या मध्ये एकदा परत आला. रेडिओची सगळी गोष्ट त्या मधल्या काळातली आहे.

१९६० च्या डिसेंबरात राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पक्षांवर बंदी घातली, आणि पुढची तीस वर्षं पंचायत नावाची राजवट चालली. नाव पंचायत, पण हुकूम राजवाड्याचा. १९९० च्या जनआंदोलनानंतर राजे बीरेंद्र यांनी एप्रिलमध्ये पक्षबंदी उठवली, नोव्हेंबरात नवं संविधान आलं, पुढच्या वर्षी निवडणूक झाली. तुझ्या पुस्तकातली लोकशाही आली ती ही.

आता रेडिओ बघ. देशात रेडिओ केंद्र एकच, रेडिओ नेपाळ. ते चालायचं काठमांडूच्या सिंहदरबारातून, सरकारी कचेऱ्यांच्या आवारातून. वर्तमानपत्रं १९९० नंतर भराभर निघाली, पण निम्म्याहून जास्त माणसांना तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि डोंगरातल्या गावात पेपर पोचेपर्यंत तो पुडी बांधायच्या लायकीचा झालेला असायचा. म्हणजे मत द्यायला सगळे आणि ऐकायला एकच आवाज. मंत्री बदलले की बातम्यांतलं नाव बदलायचं, बाकी सगळं तसंच. अमुक मंत्र्यांनी अमुक ठिकाणी पायाभरणी केली. पाया पुढे भरला का, हे कुणी सांगत नसे.

खासगी प्रसारणाला वाट देणारा कायदा १९९३ मध्ये झाला, नियम १९९५ मध्ये निघाले. त्याच वर्षी सरकारनेच काठमांडूत एफएम सुरू केलं आणि त्यातले तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले. तिथे गाणी फर्मास लागायची म्हणे. पण सरकारच्या हाताबाहेरच्या पहिल्या केंद्राला, रेडिओ सगरमाथाला, परवाना मिळायला १९९७ चा मे उजाडला. मागणारे कोण, तर पर्यावरणावर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना. बंडखोर नाही, पक्ष नाही. धूळ, धूर, कचरा, नद्या यांवर लिहिणारी माणसं. त्यांनासुद्धा लोकशाही आल्यावर सात वर्षं लागली. दक्षिण आशियातलं हे पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र मानतात. आपण जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवतो, आणि या बाबतीत धाकट्या शेजाऱ्याच्या मागे होतो.

हे का सांगितलं? कारण राजवट बदलली तरी फायली त्याच राहतात. टेबलामागचा माणूस तोच, त्याची भीतीही तीच. संविधानात आविष्कारस्वातंत्र्य लिहिलेलं असतं आणि ट्रान्समीटरच्या आयातीचा कागद कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतो.

आता तुझा मूळ प्रश्न, वेगळं काय केलं. मी ऐकलं ते सांगते.

एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आड आला की थांबते. सबंध नेपाळला एका केंद्राने ऐकवायचं असेल तर हा दोष आहे. पण त्यामुळेच प्रत्येक खोऱ्याला आपलं केंद्र लागतं, आणि खोऱ्यातलं केंद्र खोऱ्याबद्दलच बोलतं. बुटवलहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मणिग्राम आहे. तिथे २००० साली रेडिओ लुम्बिनी सुरू झालं. ९६.८. ते सहकारी तत्त्वावरचं आहे, सभासदांच्या भागभांडवलाचं. सहकारी म्हटलं की सांगली-मिरजेच्या माणसाचे कान टवकारतात आणि हात खिशावर जातो, पण हे प्रकरण बरं निघालं.

आमची घरमालकीण रोज सकाळी चुलीजवळ रेडिओ लावायची. (घरमालकाला तिथे ‘घरबेटी’ म्हणतात. मी पहिला महिनाभर त्या बाईंना या घरची माहेरवाशीण समजत होते.) घरबेटी बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. रेडिओ नेपाळच्या बातम्या लागल्या की त्या आवाज कमी करून भात बघायच्या. स्थानिक केंद्र लागलं की आवाज वाढायचा. कारण त्यात त्यांना माहीत असलेली नावं यायची: कोणता रस्ता खचला, कोणत्या वॉर्डात पाणी येणार नाही, जिल्ह्याच्या कचेरीत नागरिकत्वाचा दाखला काढायला काय काय कागद लागतात. एकदा कुठल्याशा नळयोजनेबद्दल कुणा अधिकाऱ्याला केंद्रावर बसवून विचारलं, खर्च किती झाला आणि नळ किती लागले. त्याने आधी योजनेचं महत्त्व सांगितलं. निवेदकाने पुन्हा तेच विचारलं, आवाज न चढवता. तो अडखळला. घरबेटी बाईंच्या हातातली पळी तशीच थांबली. मग त्या मला म्हणाल्या, “यांना असं विचारता येतं?”

माझ्यापुरतं उत्तर हे आहे. निवडणूक पाच वर्षांनी येते. अधिकाऱ्याला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारलेला कानांनी ऐकायची सवय मात्र रोज लावावी लागते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती रेडिओच लावू शकतो. मी आकाशवाणीवर इतकी वर्षं काढली, ‘आता ऐकू या’ म्हणत. पुन्हा तोच प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर जमलं असतं का, शंकाच आहे.

आणखी एक गंमत तुला पुस्तकात मिळणार नाही. एफएमवरच्या बातम्यांवर बंदी फक्त राजाने घातली असं समजू नकोस. २००१ साली लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनेही एफएम केंद्रांनी स्वतःच्या बातम्या देऊ नयेत असं फर्मान काढलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. बातमी कुणालाच आवडत नाही रे. फक्त राजाला न आवडण्यात आणि मंत्र्याला न आवडण्यात फरक असा की मंत्र्याविरुद्ध कोर्टात जाता येतं.

ताई, राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा तुम्ही तिथेच होता असं लिहिलंत आणि पुढे भोपळ्याच्या भाजीवर गेलात! त्या दिवसाचं सांगा ना.
— एक वाचक, इचलकरंजी

भोपळ्याची आठवण त्याच दिवसाची, म्हणून गेले.

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार. सकाळी दहाला राजे ग्यानेंद्र यांचं भाषण लागलं. सरकार बरखास्त, सत्ता आपल्या हाती, आणीबाणी. मी भोपळा चिरत होते. नेपाळी मला तोवर बरं कळत होतं, पण राजाची भाषा दरबारी, जड. घरबेटी बाईंच्या चेहऱ्यावरून अर्थ कळला. ह्यांना वर्कशॉपमध्ये फोन लावावा म्हणून उचलला तर मेलेला. शेजारचाही मेलेला. मोबाइल तेव्हा मोजक्यांकडे, तेही गप्प. देशातले सगळे फोन एकाच सकाळी बंद करता येतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी रेडिओचा काटा फिरवला. ९६.८ वर गाणं. संपलं, दुसरं गाणं. तासाला बातम्या लागायच्या, तिथेही गाणं. केंद्राकेंद्रांत बंदूकधारी सैनिक जाऊन बसले होते हे मागाहून कळलं. देशभरात तेव्हा पन्नासच्या आसपास खासगी आणि सामुदायिक एफएम केंद्रं होती. सगळ्यांना हुकूम एकच: बातम्या नाहीत, विचारविनिमय नाही, फक्त मनोरंजन. सहा महिने.

केंद्र बंद पाडलं नाही, हे लक्षात घ्या. बंद पडलेलं केंद्र लोकांना खुपतं. गाणी लावत राहिलं की वरवर सगळं ठीक दिसतं. मी निवेदिका होते, मला ते ऐकवत नसे. दोन गाण्यांच्या मधे निवेदकाचा आवाज यायचा, वेळ सांगायचा, गाण्याचं नाव सांगायचा, आणि त्या आवाजात एक दबलेपणा असायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो ऐकू येतो. समोर कुणीतरी उभं आहे हे माणसाच्या श्वासावरून समजतं.

आईला काळजी लागली असणार म्हणून चौथ्या दिवशी मी आणि शेजारची बिहारी बाई बसने सोनौलीला गेलो, सीमा ओलांडली आणि भारताच्या बाजूच्या एसटीडी बूथवरून मिरजेला फोन केला. बूथवर रांग होती, सगळी नेपाळातून आलेली. आई म्हणाली, “इथं पेपरात आलंय सगळं. तुमच्या तिथं काय चाललंय?” मी म्हटलं, “तूच सांग. पेपरात काय आलंय ते वाचून दाखव.” आईने मिरजेत बसून मला बुटवलच्या देशाची बातमी वाचून दाखवली. मिनिटाचा दर बघून मी बारीक अक्षरातलं सोडायला सांगितलं.

त्या महिन्यांत आम्ही दुसऱ्या वाटांनी ऐकायला शिकलो. भाजीचे भाव रेडिओवर सांगितले की अंदाज बांधायचा: टोमॅटो महागला म्हणजे वरचा रस्ता बंद, म्हणजे राजसत्तेविरुद्ध बंदुका घेऊन उठलेल्या माओवाद्यांची नाकेबंदी किंवा चकमक. रात्री बीबीसीची नेपाळी सेवा शॉर्टवेव्हवर, खरखरीत. काठमांडूत एका इंग्रजी दैनिकाने अग्रलेख लिहिला, तो पायमोज्यांच्या स्वच्छतेवर. वाचणाऱ्याला समजायचं ते समजलं.

पत्रकार मात्र गप्प बसले नाहीत. काही ठिकाणी त्यांनी बातम्या चौकात, भोंग्यावर वाचल्या. रेडिओवर बंदी आहे, चौकात नाही ना? काही जणांनी बातम्या चालीत गायल्या, कारण गाण्याला परवानगी होती! हे ऐकल्यावर मला आपले शाहीर आठवले. स्वतंत्र रेडिओ वाचवण्यासाठी केंद्रांनी एकत्र येऊन आंदोलन उभं केलं, वकील गाठले. सहा महिने सरल्यावर काठमांडूच्या नेपाल एफएमने बातम्या सुरू केल्या, सरकारने परवाना का रद्द करू नये अशी नोटीस दिली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा हात धरला. मग आमच्याकडेही बातम्या परतल्या. पहिल्या दिवशी निवेदकाचा घसा दोनदा अडकला. मी म्हटलं, पाणी पी रे बाबा, आम्ही थांबतो.

गोष्ट तिथे संपली नाही. ऑक्टोबरात नवा अध्यादेश आला, कांतिपूर एफएमवर रात्री धाड घालून यंत्रं उचलली. नोव्हेंबरात राजाविरोधी सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला. त्यानंतर बीबीसीने माओवाद्यांचे नेते प्रचंड यांची मुलाखत घेतली, आणि ती सहक्षेपित होणार म्हणून २७ तारखेला पोलिसांनी रेडिओ सगरमाथावर छापा घातला, पाच जणांना नेलं, सामान जप्त केलं. न्यायालयामुळे केंद्र काही दिवसांतच पुन्हा बोलायला लागलं. मुलाखत बीबीसीची, ती जगाने ऐकली, आणि काठमांडूकरांनी ऐकू नये म्हणून हा खटाटोप. सत्तेच्या अकलेबद्दल मला जास्त बोलायला लावू नका.

पुढच्या एप्रिलात लोक एकोणीस दिवस रस्त्यावर होते. २४ एप्रिल २००६, रात्री साडेअकराच्या सुमाराला राजाचं भाषण: बरखास्त संसद पुन्हा बोलावली. घरबेटी बाईंनी अंधारातच रेडिओ हातात घेतला होता. भाषण संपलं आणि गल्लीत कुणीतरी थाळी वाजवायला लागलं. दोन वर्षांनी, मे २००८ मध्ये, नेपाळ प्रजासत्ताक झाला. आम्ही तोवर मिरजेला परतलो होतो.

आमच्या माण तालुक्यात म्हसवडला बायकांचा रेडिओ आहे, आम्ही ऐकतो. आमच्या बचत गटाला वाटतं आपणही करावं. पण पैसा कुठून आणायचा? नेपाळातल्या गावांनी कसं केलं?
— एका गटाच्या अध्यक्षा, सातारा जिल्हा

ताई, माणदेशी तरंगवाहिनी २००८ पासून बोलतेय, म्हणजे अनुभवी माणसं तुमच्या दाराशी आहेत. आधी त्यांच्याकडे जा, मग माझं वाचा.

मी पाहिलेलं सांगते. बुटवलहून घाट चढून पाल्पा जिल्ह्यात गेलं की मदनपोखरा गाव लागतं. हिरवंगार, भाजीपाल्याचं. तिथलं केंद्र २००० सालचं, आणि त्याचा परवाना तेव्हा गाव विकास समितीच्या नावावर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था म्हणा. मी दोनदा गेले. ह्यांना पाल्प्याचा पितळी करुवा घ्यायचा होता, मला रेडिओ बघायचा होता. (करुवा म्हणजे तोटीची झारी. अजून आहे, चिंचेने घासावी लागते.)

तिथे ‘मुठी दान’ असे. घरातली बाई भात शिजवताना मूठभर धान्य बाजूला टाकायची, ते साठलं की केंद्रासाठी जमा व्हायचं. मला लगेच कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवला. तुम्ही साताऱ्याच्या, तुम्हाला मी काय सांगू! मुठीने केंद्राचं सगळं बिल भागतं असं नाही. वीज, सुटे भाग, मुलांचं मानधन, हे मुठीत मावत नाही. पण मूठ देणारी बाई दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन विचारू शकते, की काल माझ्या वाडीचं नाव चुकीचं का घेतलंत. जाहिरातदाराला नाव चुकल्याचं काही नसतं.

म्हणून माझा सल्ला: यंत्रासाठी बाहेरची मदत घ्या, पण रोजच्या खर्चातला काही हिस्सा, अगदी दहावा का होईना, गावातून येऊ दे. आणि हिशेब महिन्यातून एकदा रेडिओवरच वाचा. डिझेल किती, मानधन किती. आपला हिशेब वाचणाऱ्या केंद्राला सरपंचाचा हिशेब विचारायला तोंड राहतं.

स्पष्ट विचारतो. या तथाकथित ‘स्वतंत्र’ केंद्रांना परदेशी पैसा मिळत होता ना? मग सरकारचा भोंगा वाईट आणि परदेशाचा चांगला, असं कसं?
— एक सेवानिवृत्त वाचक, ठाणे

मिळत होता. युनेस्कोसारख्या संस्थांनी सुरुवातीला यंत्रसामग्री दिली, प्रशिक्षण दिलं. तुमचा संशय रास्त आहे आणि मी तो झटकणार नाही. देणगीदाराच्या आवडीचे विषय रेडिओवर जास्त वाजतात, हे मी स्वतः ऐकलंय. एका पावसाळ्यात एका केंद्रावर हात धुण्याचं महत्त्व इतक्यांदा सांगितलं गेलं की घरबेटी बाई म्हणाल्या, “आमचे हात धुतलेले आहेत, आता रस्त्याचं सांगा.” प्रकल्प संपला आणि कार्यक्रमही संपला, हेही झालं.

पण तुमची तुलना मला पटत नाही. सरकारी भोंग्याचा चालक आणि ज्याच्याबद्दल बातमी द्यायची तो, एकच असतो. यंत्र दिलेल्या युनेस्कोच्या पॅरिसच्या कचेरीला बुटवलच्या नळयोजनेत कुणाला ठेका मिळाला याच्याशी देणंघेणं नसतं. ट्रान्समीटर कुणी दिला हे जरूर विचारा. त्याआधी एक विचारा: संध्याकाळची बातमी लागू नये म्हणून कोण फोन करू शकतं, आणि त्याचा फोन कुणी उचलतं का?

गोवा मुक्तीच्या वेळी जंगलातून रेडिओ चालवला गेला. १९४२ ला मुंबईत उषा मेहतांनी. मग नेपाळचं एवढं कौतुक कशाला? आपलंच सांगा.
— एक वाचक, म्हापसा

कौतुक दोन्हींचं करू, पण ते वेगळे प्राणी आहेत. उषाबेन आणि सोबत्यांचा काँग्रेस रेडिओ ऑगस्ट १९४२ ला सुरू झाला, जागा बदलत राहिला, नोव्हेंबरात पकडला गेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो १९५५ च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून बोलायला लागले, पोर्तुगीज आणि कोकणीत, ते थेट १९६१ पर्यंत. गोवा मुक्त झाला तेव्हा लिबियाबाईंनी विमानातून भोंग्यावर ती बातमी सांगितली. अंगावर काटा येतो.

नेपाळातही असा लपलेला रेडिओ होता. वंशपरंपरेने पंतप्रधानकी चालवणाऱ्या राणांविरुद्ध उठलेल्या नेपाळी काँग्रेसच्या लोकांनी १९५०-५१ च्या क्रांतीत विराटनगरहून प्रजातंत्र रेडिओ चालवला. आणि पुढे काय झालं? राणा गेले, तीच यंत्रं काठमांडूला सिंहदरबारात नेली आणि त्यांचा रेडिओ नेपाळ झाला. बंडखोरांचा आवाज दहा वर्षांत राजाचा आवाज झाला. म्हणून मी रानातल्या रेडिओपेक्षा परवान्याच्या रेडिओबद्दल जास्त बोलते. लढाईतला रेडिओ लढाई संपली की थांबतो किंवा सरकार होतो. लढाईनंतरचा, पाण्याच्या वेळा सांगणारा, रटाळ रेडिओ टिकवणं अवघड. त्याच्यावर सिनेमा निघत नाही.

आपल्याकडे खासगी एफएमवर बातम्या का नसतात?
— एक श्रोती, नाशिक

परवानगी नाही म्हणून. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे असं सांगितलं, त्यानंतर खासगी एफएम आलं, २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक केंद्रं मिळू लागली. पण स्वतःच्या बातम्या खासगी केंद्रालाही नाहीत, सामुदायिकालाही नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल चालतात. टीव्हीवर शेकडो वाहिन्या रात्रंदिवस बातम्यांच्या नावाने ओरडतात ते चालतं, आणि म्हसवडच्या बाईने तहसीलदाराची बातमी सांगितली तर देश धोक्यात येतो. पायमोज्यांवर अग्रलेख लिहावा म्हणते.

ताई, त्या सगळ्या केंद्रांचं आज काय चाललंय? आणि तुमच्या घरबेटी बाई आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

२००६ नंतर परवान्यांचा पूर आला. नेपाळात सातशेहून जास्त एफएम परवाने दिले गेले आहेत. हे चांगलं का वाईट, दोन्ही. काही केंद्रांमागे पक्ष आहेत, काहींमागे पुढारी, आणि सामुदायिक पाटी लावून खासगी दुकान चालवणारेही आहेत. मुलांना पगार वेळेवर मिळत नाही, चांगला निवेदक दोन वर्षांत काठमांडूला नाहीतर कतारला जातो. २०१५ च्या भूकंपात मात्र भिंतींना तडे गेलेल्या केंद्रांनी बाहेर तंबू ठोकून बोलणं चालू ठेवलं, आणि अमुक गावात ताडपत्री पोचली नाही हे सरकारला त्यांच्याकडून समजलं. २०२५ च्या सप्टेंबरात तरुणांच्या उठावात कांतिपूरची इमारत जमावाने पेटवली. ज्या माध्यमघराण्याच्या रेडिओची यंत्रं वीस वर्षांपूर्वी राजाच्या माणसांनी रात्री उचलली, तेच हे घराणं. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण लोकांना ते घराणं आता सत्तेच्या रांगेत बसलेलं का वाटलं असेल, हे पत्रकारांनी आपसात विचारलं पाहिजे. विचारत असतीलही.

घरबेटी बाई आहेत. ऐंशीच्या पुढे. दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, मी फोन करते. गेल्या वेळी तक्रार करत होत्या, की रेडिओवर चाऊचाऊच्या, म्हणजे झटपट नूडल्सच्या, जाहिराती फार झाल्या आणि पाण्याची वेळ सांगायची विसरतात. मी म्हटलं, “मग केंद्रावर फोन करून सांगा की.”

“केला,” म्हणाल्या. “दोनदा केला. उद्या नातवाला घेऊन जाणार आहे.”